टोफूवाल्याचा दुसरा डाव आणि आमच्या सासूबाई

सासूबाई जपानात, सेंदाईला आल्या त्या ऐन जानेवारीत. नव्वद दिवसांचा व्हिसा, दोन बॅगा आणि आयुष्यात पहिल्यांदाच पायांत लोकरी मोजे. स्टेशनवरून घरी येताना टॅक्सीत त्यांनी मला विचारलं, "तू इथल्या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलतेस ना?"

"बोलते की," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर दोन वर्षांत मला जपानी येत होती ती दुकानापुरती. कांद्याची पात मागता यायची, कचरा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवल्याबद्दल माफी मागता यायची. माफीचा सराव तर भरपूर होता. पण पुण्याला धाडलेल्या पत्रांतून मी जी जपानी बोलत होते, ती वाचून एखादा राजदूतही चाट पडला असता. ते नव्वदचं दशक. फोन जपून करायचे, पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागायचे, त्यामुळे थापांना आयुष्य चांगलं मिळायचं. आता थापा वाचणारी व्यक्तीच घरात राहायला आली होती.

नवरा विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा. सकाळी आठला जायचा, दिवेलागणीनंतर उगवायचा. मुलगी जपानी शाळेत दुसरीत होती. आजीनं मराठीत काही विचारलं की जपानीत उत्तर देऊन पळायची. दुपारी घरात आम्ही दोघी, रॉकेलचा स्टोव्ह आणि टीव्ही.

दीड वाजता एक मालिका लागायची. नुकतीच सुरू झाली होती आणि मार्चअखेर संपणार होती, म्हणजे सासूबाईंच्या व्हिसाबरोबरच. गोष्ट अशी: एक टोफूवाला असतो, म्हणजे सोयाबीनचं पनीर करून विकणारा. पन्नाशीचा, तिरसट, बायकोशी धड न बोलणारा. एकदा सार्वजनिक न्हाणीघरात साबणावरून घसरतो, डोकं आपटतं, आणि डोळे उघडून बघतो तर स्वारी पंचविशीत! मागचं सगळं आठवतंय, शिवाय केस परत आलेत. मग तो ठरवतो, पहिल्या खेपेला केलेली एकही चूक आता करायची नाही.

इतकं चित्रांवरून कळत होतं. पुढचं कळायला भाषा लागत होती, आणि सासूबाई तर दर वाक्याला माझ्याकडे वळायच्या.

"काय म्हणाला गं तो?"

तो सलग दोन मिनिटं बोललेला असायचा. मी म्हणायचे, "म्हणतोय, मी आता बदलणार." आणि जिथं काहीच कळायचं नाही तिथं मी जास्त तपशील द्यायचे. छत्रीवाली एक मुलगी वरचेवर दुकानात यायची. तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "ही त्याची पहिली प्रेयसी. हिला सोडून दिलं ही त्याची सगळ्यात मोठी चूक." पुढचे आठ दिवस मी ते प्रकरण उत्तम चालवलं. मुलीच्या बापाचा विरोध घातला, एक हरवलेलं पत्र घातलं. नवव्या दिवशी त्या मुलीचं लग्न लागलं आणि टोफूवाला तिच्या आईबापांशेजारी उभा राहून रडायला लागला.

"बिचारा," मी म्हटलं, "प्रेयसीच्याच लग्नात राबतोय."

सासूबाई संत्रं सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अगं, बहीण आहे ती त्याची. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नाकं बघ की दोघांची."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं रंगवून सांगत होतीस. तुझीही गोष्ट बरी चालली होती. मी दोन्ही बघत होते."

त्या दिवसापासून मला त्यांचा धाक वाटायचा कमी झाला आणि त्या मला आवडायला लागल्या. लग्नाला दहा वर्षं झाली होती, म्हणजे उशीरच झाला.

टोफूवाला आपला चुका दुरुस्त करत होता. भावाशी भांडण झालं होतं, ते या खेपेला होऊ दिलं नाही. तर भाऊ घरातच ठाण मांडून बसला. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी सासूबाई वैतागल्या.

"मूर्ख आहे हा माणूस. परत डाव मिळाला तर झालेलंच पुसत बसलाय. अरे, जे करायचं राहिलं ते कर ना!"

मी सहज विचारलं, "तुमचं काय राहिलंय, आई?"

मला वाटलं काशी-रामेश्वर म्हणतील. त्या म्हणाल्या, "पोहायचं."

आणि मग, दहा वर्षांत मला कधीच न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. माहेर कृष्णेकाठी. भावांच्या पाठोपाठ नदीत उतरून त्या आपोआपच पोहायला शिकल्या. चौदाव्या-पंधराव्या वर्षी थेट पैलतीर गाठायच्या, पलीकडच्या मळ्यातली काकडी खाऊन मगच परतायच्या. सतराव्या वर्षी लग्न झालं. सासर नळाचं. नवरा, म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यात होते, पण त्यांचं पाणी कागदावरचं. पंचेचाळीस वर्षांत या बाईनं बादलीपेक्षा खोल पाण्यात पाय घातला नव्हता.

"विसरले का, एवढंच बघायचंय," त्या म्हणाल्या. "एका काठावरून निघून दुसरा काठ गाठायचा. मधे कुठे पाय टेकायचा नाही. तेवढं जमलं की बास. नाही जमलं तर तसं कळेल तरी."

आमच्या बसच्या मार्गावर पालिकेचा बंदिस्त तलाव होता, गरम पाण्याचा, पंचवीस मीटरचा. मी बाहेरून पाहिला होता. आतून बघायचं काही कारण नव्हतं, कारण मला पोहता येत नाही. पाणी नाकापर्यंत आलं की मला देव आठवतो.

दुकानातून गुडघ्यापर्यंतचा पोहायचा पोशाख आणला. जपानी बायकांच्या मापांत जे सगळ्यात मोठं होतं ते. नवऱ्याला सांगितलं, आई पाण्यात चालायला जाणार आहेत. "चांगलं असतं म्हणे गुडघ्यांना," तो पेपर वाचता वाचता म्हणाला आणि विषय संपला. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

तलावाच्या दाराशी नियमांची ही मोठी पाटी. टोपी हवी. डोक्याला तेल नको. सासूबाईंनी सकाळीच वाटीभर चोपडलं होतं. शॅम्पूनं दोनदा धुतलं. चेहऱ्यावर रंग नको, म्हणून कुंकू पुसलं. अंगावर दागिना नको, म्हणून साबण लावून बांगड्या उतरवल्या. टोपी चढवून त्या बाहेर आल्या, आणि ट्रॅकसूट घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली पन्नाशीची एक बाई पुढे झाली. ती तिथली देखरेख करणारी. तिनं वाकून नमस्कार केला आणि अतिशय नम्रपणे सासूबाईंच्या मंगळसूत्राकडे हात दाखवला.

सासूबाईंनी ते मुठीत धरलं. "हे नाही," त्या मराठीत म्हणाल्या.

आता दुभाष्याची पाळी. मंगळसूत्र म्हणजे काय हे कांद्याच्या पातीच्या जपानीत सांगायचं होतं. लग्न, नवरा, आयुष्य असे शब्द मी गोळा केले. ते जोडून जे वाक्य झालं, त्याचा अर्थ साधारण असा निघाला: "हे काढलं तर नवरा मरतो."

बाईचा चेहरा उतरला.

"नवरे आत्ता कुठे असतात?" तिनं विचारलं.

"भारतात."

"तब्येत कशी आहे?"

"छान आहे."

"आणि हे काढलं तर…"

"हो," मी म्हटलं. आता माघार कशी घेणार?

"क्षणभर थांबा हं," म्हणून ती आत गेली आणि दोन गृहस्थांना घेऊन आली. तिघांनी नियमांची वही उघडली. तिघांपैकी कुणीही हसलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर खुर्चीवरून पडले असते. पाच मिनिटं बैठक झाली. मग बाईनं सांगितलं की माळेसारखी गोष्ट पाण्यात कुणाच्या हातात अडकली तर धोका आहे, पण माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा विचार करायला आम्हाला एक दिवस द्या.

परतताना बसमध्ये सासूबाई खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसल्या होत्या. मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. बुडाल्या-बिडाल्या असत्या तर नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

दुसऱ्या दिवशी टोफूवाला सुरू व्हायच्या आधीच त्या पोशाखाची पिशवी घेऊन दाराशी उभ्या.

"आई, पण ते मंगळसूत्र…"

"गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी काढायला लावलं होतं. चांगलं दोन दिवस. यांना साधं पडसंही झालं नाही." त्यांनी कोटाची बटणं लावली. "आजारपणासाठी काढलेलं चालतं आणि हौसेसाठी चालत नाही, असं कुठं लिहिलंय? रात्रभर आठवून बघितलं. कुठेही लिहिलेलं नाही."

तलावावर ती बाई रुंद पट्टीचा गुंडाळा आणि कात्री घेऊन वाटच बघत होती. मंगळसूत्र दंडाला घट्ट गुंडाळायचं आणि वरून पट्टी बांधायची, असा तोडगा त्यांनी काढला होता. सासूबाईंनी तिला मोकळा गळा दाखवला. बाईचे डोळे मोठे झाले. "मिस्टर?" तिनं घाबरून मला विचारलं. मी माझा गळा दाखवला. सासूबाईंनी आपलं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं होतं: "तू काही पाण्यात उतरायची नाहीस. सांभाळ." त्या दुपारी मी दोन मंगळसूत्रं घालून कडेच्या बाकावर बसले. घरातले दोन्ही पुरुष माझ्या गळ्याच्या भरवशावर होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

सासूबाई कठडा धरून पायऱ्या उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात जरा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग मागे रेलल्या आणि पाण्यानं त्यांना उचललं. बस्स, उचललंच. हातपाय पसरून, छताकडे तोंड करून, बासष्ट वर्षांची ही बाई गादीवर पडल्यासारखी निवांत पडून राहिली. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मी इकडेतिकडे पाहिलं. सांगावंसं वाटत होतं की या आमच्या आहेत.

तरंगणं अंगात होतं, पण दम नव्हता. पहिल्या दिवशी चार हात मारून उभ्या राहिल्या. मग आम्ही आठवड्यातून चारदा जायला लागलो. टोफूवाल्याला व्हिडिओवर टाकलं. संध्याकाळी तो बघायला मुलगीही बसायची आणि मला मधेच तोडून म्हणायची, "आई, तो असं नाही म्हणाला!" माझा धंदा बसत चालला होता.

सासूबाईंची पोहायची तऱ्हा त्या तलावानं कधी पाहिली नसणार. डोकं सबंध वेळ पाण्याबाहेर, नजर समोर, हात वल्ह्यासारखे. नदीत साप-बीप बघावा लागतो ना! पाण्यात चालणाऱ्या जपानी आज्या त्यांना रोज वाकून नमस्कार करायच्या. सासूबाई मराठीत त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि त्या जपानीत उत्तर द्यायच्या. माझ्यावाचून कुणाचंही अडत नव्हतं. तासाच्या ठोक्याला शिट्टी व्हायची, की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं आणि दहा मिनिटं विश्रांती घ्यायची. नियम म्हणजे नियम. कुणी भिंतीपासून हातभर अंतरावर असलं तरी शिट्टी सेकंदाला वाजायची.

दहा मीटर झाले, बारा झाले, पंधरा झाले. पंधरानंतर तळाला निळ्या फरश्यांचा पट्टा होता. तिथं आल्या की पाय खाली जायचा. रोज तिथंच. मार्चचा तिसरा आठवडा संपला तरी तिथंच.

शुक्रवारी टोफूवाला संपला. त्याला आपल्या काळात परत जायची मुभा मिळते, तो परततो, टक्कल परत येतं, आणि पहाटे दुकान उघडून सोयाबीन भिजत घालतो. बायकोला म्हणतो, चहा घेतेस का?

"तीन महिने घालवले आणि शेवटी सोयाबीनच भिजवले," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई, आता बायकोशी नीट बोलतोय ना."

"ते न घसरताही करता आलं असतं."

रविवारी त्यांचं विमान होतं. शनिवारी आम्ही शेवटचं तलावावर गेलो. सुट्टी म्हणून नवरा आणि मुलगीही वरच्या गॅलरीत येऊन बसले. नवऱ्याला अजून वाटत होतं की आई पाण्यात चालते.

सासूबाईंनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा निळ्या पट्ट्याशी पाय टेकला. दोनला पाच मिनिटं कमी होती. त्या काठाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "तिला विचार, मला पलीकडच्या रांगेतून जाऊ देशील का."

पलीकडची रांग न थांबता पोहणाऱ्यांची. तिथं मधे उभं राहायला मनाई. शिवाय पाणी खोल. सासूबाईंचे पाय पुरले नसते.

"आई, कशाला? इथं जमतंय ना पंधरापर्यंत."

"इथं पाय पोचतो म्हणून टेकवते मी. नदीत कुठे टेकवणार होते? विचार तिला. आणि नीट विचार हं. छत्रीवालीसारखं नको."

मी त्या बाईकडे गेले. मनात एक सोपी युक्ती तयार होती. काहीतरी हवापाण्याचं बोलायचं आणि परत येऊन सांगायचं, नाही म्हणाली. माझ्याइतकी सराईत दुभाषी दुसरी नव्हती. पण मी मागे वळून पाहिलं, तर त्या टोपीखालून माझ्याकडे बघत होत्या. मी खरं तेच विचारलं. शब्द तुटके होते, पण सगळे खरे होते.

बाईनं रांगेकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. दोन वर्षांत इतकी पक्की जपानी मी एकदाही बोलले नव्हते.

बाई स्वतः त्या रांगेच्या कडेनं चालायला लागली, हातात लांब काठी घेऊन. सासूबाईंनी भिंतीला पाय लावला आणि निघाल्या. डोकं वर, नजर समोर, वल्ह्यासारखे हात. पाच. दहा. चालणाऱ्या आज्या जागच्या जागी थांबल्या. पंधराला निळा पट्टा आला आणि त्यांचा वेग मंदावला. पाय खाली गेला, तिथं काही सापडलं नाही, आणि परत वर आला. सासूबाईंनी तोंडातलं पाणी थुंकलं (तेही नियमाबाहेरच) आणि पुढचा हात टाकला.

समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. दोन वाजले. अजून चार-पाच मीटर होते. बाईनं शिट्टी ओठांशी नेली. आता वाजणार, आता सगळ्यांना बाहेर काढणार. सेकंदकाटा बारावरून पुढे गेला. शिट्टी ओठांतच होती. काटा दोनवर आला. मग चारवर. त्या देशात मी आगगाडी मिनिटभर उशिरा आल्याचं पाहिलं नव्हतं, आणि ही बाई तिथं उभी राहून वीस सेकंद नियम मोडत होती.

सासूबाईंचा हात भिंतीला लागला.

शिट्टी वाजली. मी कशी कोण जाणे, पायमोज्यांसकट ओल्या काठावर धावत पोचले होते आणि मराठीत ओरडत होते. वर गॅलरीत नवरा उभा होता, कठडा धरून, तोंड उघडं टाकून. मुलगी त्याचा शर्ट ओढत होती: "बाबा, आजी! आजी!" यावेळी मराठीत.

"ओरडतेस काय?" सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "मी काही बुडत नव्हते."

बाईनं त्यांना हात देऊन वर घेतलं. मग माझ्या मोज्यांकडे बघून, अतिशय नम्रपणे, काठावर धावायला मनाई असल्याचं सांगितलं. मी माफी मागितली. ते मला उत्तम येतं.

सासूबाई बाकावर बसल्या. आज्यांपैकी एकीनं त्यांच्या खांद्यावर आपला टॉवेल टाकला. दम जरा बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिला सांग, शिट्टी उशिरा वाजवलीस ते मी बघितलंय. माझं डोकं पाण्याबाहेर असतं. घड्याळ दिसतं मला."

मी शब्दन् शब्द सांगितला.

बाई घड्याळाकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "ते घड्याळ जरा पुढे आहे."

मी तेही शब्दन् शब्द सांगितलं. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, ओले हात पोशाखाला पुसले, आणि जपानी आज्या करतात तसा कमरेत वाकून तिला नमस्कार केला. आधी बाई वाकली की आधी त्या, ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा डोळे पुसत होते.